गौरीची टाच आणि ओढणाऱ्या मशिनी

दवाखान्यातनं घरी येऊन महिना झाला, तरी गिरणीत दळणाला गेलं की बाया विचारतात, "तेवीस दिवस काय केलंस गं बारामतीत?" मी म्हणते, काही नाही, बसून होते. मग सहज एखादी गोष्ट सांगायला लागते, तिच्या शेपटाला दुसरी येते, दुसरीला तिसरी. दळण गार होतं, डबा भरून समोर येतो, आणि मी आपली बोलतेच आहे!

दवाखान्यात हसण्यासारखं काय असतंय? काहीच नाही. पण एका खोलीत तीन खाटा, तिघांनाही नळ्या लावलेल्या आणि उठायची परवानगी एकालाही नाही. पळून जाता येत नाही म्हटल्यावर माणसं बोलतात. किस्से असेच साठतात.

आम्ही तिथं कशाला गेलो ते आधी सांगते. आमची गौरी सहा वर्षांची. बावड्याच्या बाजाराला जाताना मोटारसायकलच्या मागच्या चाकात तिचा पाय गेला. गाडी गौरीचे पप्पा चालवत होते, मी मागं, ती आमच्या मधे. टाचेची कातडी निघाली आणि आतली पांढरी शीर उघडी पडली. डॉक्टर तिला 'टाचेची दोरी' म्हणायचे. ते म्हणाले, "दोरीवर लाल मांस चढलं, तर मांडीची पातळ कातडी काढून इथंच लावू. नाही चढलं, तर पुण्याला न्यावं लागेल. मोठं ऑपरेशन. मग चालण्याचं मी काही सांगू शकत नाही."

म्हणजे सगळं त्या दोरीवर. तेवढं ध्यानात ठेवा, बाकीचं हसण्यावारी न्या.

*

मांस चढावं म्हणून मशीन लावतात. जखमेत काळा स्पंज भरायचा, वरनं चिकट प्लास्टिक ताणून बसवायचं, प्लास्टिकला भोक पाडून त्यात नळी. मशीन आतली हवा ओढून घेते, स्पंज मुठीसारखा आवळतो. घाण पाणी नळीनं बाटलीत जातं आणि मांस हळूहळू वर येतं.

आमच्या खोलीत अशा दोन तऱ्हा होत्या. एक भिंतीची. म्हणजे भिंतीतच पाईप, त्यावर काट्याचं घड्याळ आणि फिरवायचं बटण, खाली बाटली. दुसरी कंपनीची. भाड्यानं आणलेली, डब्यासारखी, पडद्यावर आकडे, आणि जरा काही झालं की टीं-टीं करणारी.

कंपनीची एकच होती. ती आमच्या आधी एक दिवस आलेल्या आक्काला लागली. आक्का लोणी भापकरच्या. हातात बाभळीचा काटा मोडून पू झालेला, कोपराखाली एवढा मोठा चिरा दिलेला. भिंतीच्या दोन्ही, एक तात्यांना आणि एक गौरीला. तात्या कोऱ्हाळे बुद्रुकचे, ऊसवाले, साखरेनं पाय सडलेला.

तात्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "उसाची साखर कारखान्याला घातली असं वाटत होतं. निम्मी पायातच राहिली!"

*

पहिल्यांदा गौरीला मशीन लावताना मी बघतच होते. नळी, काटा, बाटली, ओढल्याचा आवाज. मला वाटलं, हे तर ओळखीचं आहे. आमच्या गोठ्यात सहा गाई आहेत, दोन वर्षांपासून दूध मशीननंच काढतो.

मी डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, हिला पल्सेटर नाही का?"

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. मी सांगितलं, की दूध काढताना मशीन सलग ओढत नाही. ओढतं, सोडतं, ओढतं, सोडतं. सलग ओढलं तर सडाला सूज येते.

डॉक्टर म्हणाले, "कंपनीच्या मशीनला तसं बटण असतं. पाच मिनिटं ओढायचं, दोन मिनिटं सोडायचं. मांस लवकर चढतं असं काही जण म्हणतात. पण प्रत्येक वेळी परत ओढताना दुखतं, म्हणून लहान मुलांना सलग ठेवतो. पण ताई, तुम्ही हे कुठं शिकलात?"

मी म्हटलं, "गोठ्यात!"

त्या दिवसापासनं डॉक्टर राउंडला आले की बरोबरच्यांना सांगायचे, "या ताईंना विचारा, त्यांचा यातला अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे." मला वाटायचं, चेष्टा करतात. ती करतच होते, पण निम्मीच.

*

भेटायला येणारा माणूस पेशंटकडं नंतर बघायचा, आधी मशिनीकडं. ट्रॅक्टर बघायला आल्यासारखं.

बावड्याचे आमचे मामा आले. गौरीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि लगेच भिंतीकडं बोट. "ही कुठली?"

म्हटलं, "भिंतीची."

"म्हंजे लोकल?"

झालं! माझ्या जिवाला घोर लागला. पोरीच्या पायाला लोकल आणि आक्काच्या हाताला कंपनीची! डॉक्टर आले की मी मागं लागायचे, आमचीही बदला. डॉक्टर सांगायचे, ओढ दोन्हीची सारखीच, एकशे पंचवीसवर काटा. कंपनीचं सुख एवढंच की कुठं हवा गळाली तर ती स्वतः ओरडते. भिंतीच्या मशिनीवर माणसानं नजर ठेवावी लागते.

तात्यांना मात्र आपल्या भिंतीच्या मशिनीचा अभिमान. आक्काला चिडवायचे, "तुमची कंपनीची सारखी रडती. आमची बघा, गरीब घरची लेक. तक्रार न्हाय, काय न्हाय."

आक्का म्हणायच्या, "तक्रार करायला तोंड लागतं तात्या. तुमच्या मशिनीचं तोंड तुमाला दिलंय देवानं!"

*

एका दुपारी लाईट गेली. जनरेटरवर पंखे फिरायला लागले, पण भिंतीच्या मशिनींचा पंप काही सुरू होईना. तात्यांचा आणि गौरीचा काटा शून्यावर. सिस्टर पळत गेल्या माणूस शोधायला. मला तर रडूच यायला लागलं, कारण ओढ फार वेळ बंद राहिली तर स्पंज काढून सगळं पहिल्यापासनं करावं लागतं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं.

तात्यांनी शांतपणे फोन लावला. "बाळ्या, विहिरीवरचा ऑटो काढ आणि हितं घिऊन ये. आत्ताच्या आत्ता."

अर्ध्या तासात पंप सुरू झाला. तासाभरानं बाळ्या आला, खांद्यावर पोतं. पोत्यात मोटरीचा ऑटो स्टार्टर, वायरींसकट! लाईट आली की मोटर आपली आपण सुरू करणारा.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "तात्या, ही विहीर न्हाय, पाय हाय तुमचा!"

"पाय हाय म्हणूनच मागिवला. विहीर असती तर रात पडंपर्यंत थांबलो असतो की!"

सिस्टरांनी पोतं दाराबाहेर ठेवायला लावलं. संध्याकाळी दवाखान्याचा लाईटवाला आला, पोत्यात वाकून बघितलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच तात्यांना विचारलं, "कुठनं घेतला हो हा?"

*

आक्काची मशीन एके दिवशी सकाळपासनं टीं-टीं करायला लागली. पडद्यावर दाखवायची, हवा गळतीय. सिस्टरांनी एक पट्टी चिकटवली. टीं-टीं. दुसरी चिकटवली. टीं-टीं. आक्काचा हात पट्ट्यांनी पाडव्याच्या गुढीसारखा सजला, तरी टीं-टीं!

तात्या पलंगावरनं सल्ले देत होते. "सायकलची ट्यूब कापून गुंडाळा. सक्शनच्या पायपाला आमी तेच करतो."

शेवटी सिस्टर कान लावून बघायला लागल्या, तर मनगटाकडं प्लास्टिक जरा उचललेलं. खाली काहीतरी गोल. हिरवी बांगडी! ऑपरेशनला सगळ्या काढल्या होत्या. आक्कांनी एक मागनं गुपचूप चढवून वर सरकवलेली, ती रात्री प्लास्टिकच्या कडेखाली जाऊन अडकली होती.

"काढा ती," सिस्टर म्हणाल्या.

"मालक जिते हायत तवर हात मोकळा ठेवायची न्हाय."

"दुसऱ्या हातात घाला."

"त्यात सुई हाय तुमची!"

खरंच होतं. दुसऱ्या हाताला सलाईन. सिस्टर वैतागून म्हणाल्या, "मग मालकांनाच बोलवा, तेच काय ते ठरवतील."

आक्कांचे मालक बाहेर बाकावर बसलेले. कमी बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग साबण लावून बांगडी अलगद काढली, धोतराला पुसली, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं, त्यात बांगडी ओवली आणि बटण परत लावलं. म्हणाले, "माझ्याजवळ हाय. तुझ्याजवळ असल्यासारखीच." आणि ते दिवसभर तशी हिरवी बांगडी छातीवर घेऊन खोलीत बसले. चहा आणायलाही तसेच गेले.

मशीन गप्प झाली. आक्काही गप्प झाल्या.

तात्या म्हणाले, "मालक, एका बांगडीत दोन आवाज बंद केले तुमी!"

*

दर सोमवारी डॉक्टर जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनानं कड गिरवायचे. मागच्या सोमवारच्या कागदावर नवा कागद ठेवला की किती भरलं ते कळतं.

तात्या पहिल्या वेळी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मोजणी करताय? आजूबाजूवाल्यांना नोटीस दिली का?"

दुसऱ्या सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही कागद उजेडाला धरले. "तात्या, तुमची हद्द चारी बाजूंनी आत आलीय."

तात्यांनी दोन्ही कागद हातात घेऊन बघितले. मग म्हणाले, "आजवर बांध आत सरकला की मी काठी घिऊन पळायचो. पेढे वाटायची ही पहिलीच येळ!"

आक्का म्हणाल्या, "तुमाला गोड बंद हाय न्हवं?"

"वाटायला कुठं बंद हाय?"

आक्कांचा कागदही तेवढाच आत आलेला. लोकल काय अन् कंपनी काय, दोघींची बरोबरी झाली. दोघंही नाराज! तात्यांना वाटलं होतं भिंतीची पुढं जाईल, आक्कांना वाटलं होतं कंपनीची.

गौरीच्या कागदावर कड आत आली होती. पण मधली दोरी पांढरीच होती. डॉक्टर म्हणाले, "बघू." मला तो शब्द आवडत नाही.

*

त्या 'बघू'नंतर मी जे केलं, ते गिरणीत सांगत नाही. इथं सांगते.

भिंतीचा काटा एकशे पंचवीसवर असायचा. आमच्या गोठ्यातला काटा तीनशेच्या पुढं असतो. त्याच्या खाली गेला तर गाई पूर्ण पिळल्या जात नाहीत, हे मला रोजचं ठाऊक. दुपारी गौरी झोपली होती, सिस्टर जेवायला गेलेल्या. मी त्या काट्याकडं बघत बसले. मला वाटलं, ओढच कमी आहे, मांस चढणार कुठनं? उठले आणि बटण फिरवलं. दोनशे. अडीचशे.

गौरी किंचाळून उठली. मी बटण मागं घ्यायच्या आधीच नळीतनं लाल धार बाटलीकडं निघाली होती.

सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले. मशीन बंद केली, दाबून धरलं, रक्त थांबलं. मग डॉक्टरांनी मला विचारलं, आवाज न चढवता.

"ताई, गोठ्यात काटा कितीवर ठेवता?"

"तीनशेच्या पुढं."

"नळीतनं काय येतं?"

"दूध."

"इथं काय आलं?"

मी बाटलीकडं बघितलं.

एक दिवस मशीन बंद ठेवावी लागली. नुसती पट्टी. त्या दिवशी खोलीत कुणीच कुणाला चिडवलं नाही. संध्याकाळी तात्या भिंतीकडं तोंड करून, मला सांगितल्यासारखं न दाखवता म्हणाले, "मी एकदा जुन्या पायपाला साडेसात एचपीची मोटर बसवली. म्हटलं पाणी लवकर यील. पाईप फुटून शेजाऱ्याचं रान भिजलं. त्याचा ऊस माझ्यापेक्षा चांगला आला त्या साली."

मला हसू आलं नाही. पण जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी बटणावर पांढरी पट्टी चिकटवलेली आणि वर कागद. 'नातेवाईकांनी हात लावू नये.' नातेवाईक म्हणजे कोण, ते सगळ्या मजल्याला माहीत होतं! खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा बघून जायची, हीच का ती बाई म्हणून.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, "ताई, मी खाली जाऊन येते. दोन्ही भिंतीच्या काट्यांवर नजर ठेवा. एकशे पंचवीसच्या खाली-वर गेला की हाक मारा. हात लावायचा न्हाय, फक्त डोळा लावायचा." तेव्हापासनं पुढचे दिवस मी तेच केलं. एवढा अभ्यास मी सातवीलाही केला नव्हता.

*

एक टायवाला कंपनीचा माणूस आला. त्याच्या हातात तिसरी तऱ्हा, मुठीत मावणारी. बाटली नाही, भिंत नाही, खिशात घालून फिरायची. डॉक्टर यायला वेळ होता, म्हणून तो तात्यांनाच दाखवायला लागला.

"काका, आवाज येतोय का?"

"न्हाय."

"बघा! हेच तर!"

"पण बाटली कुठं हाय? पाणी कुठं जातं?"

"पट्टीतच सुकतं काका."

तात्यांनी कानाला लावून बघितली, हलवून बघितली. "आवाज न्हाय, पाणी दिसत न्हाय. मग चालू हाय का बंद, ते कसं कळायचं?"

"हा हिरवा दिवा लुकलुकतो ना."

तात्यांनी मशीन त्याच्या हातात परत दिली. "दिवा तर आमच्या डीपीवर बी लुकलुकतो. मोटर कुठं चालती!"

*

शेवटच्या सोमवारी गौरीचा स्पंज उघडायचा होता. आज दोरी झाकली असेल तर इथं, नाहीतर पुणं. गौरीच्या पप्पांनी गाडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, कपड्यांची पिशवी भरून दारात ठेवली होती. ते इतक्या दिवसांत कधी पट्टी उघडताना आत आले नव्हते. त्या दिवशी आले. पलंगाच्या पायाशी उभे राहिले, मी उशाशी.

डॉक्टरांनी पाण्यानं भिजवत भिजवत स्पंज काढला. मी गौरीच्या केसांकडंच बघत होते.  मग डॉक्टर म्हणाले, "ताई, बघा."

पांढरं कुठंच नव्हतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. सगळीकडं.

"उद्या इथंच कातडी लावू," डॉक्टर म्हणाले. "चालेल पोरगी."

आक्का रडल्या. तात्यांनी भिंतीच्या मशिनीला हात जोडले. आम्ही दोघं तसेच उभे. खरं सांगायचं तर अपघातापासनं आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. खाल्लंस का, औषध आणलं का, एवढंच.

डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद काढला. नाव, वय, गाव विचारलं. मग म्हणाले, "पहिल्या कागदावर नुसतं 'गाडीचा अपघात' लिहिलंय. नीट कसा झाला, सांगा."

"मी गाडी जोरात घेतली," गौरीचे पप्पा म्हणाले.

"मी तिचा पाय धरला न्हवता," मी म्हणाले.

दोघांचं एकदमच निघालं. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

गौरी उशीवरनं मान उचलून डॉक्टरांकडं बघत होती. म्हणाली, "मीच लावला होता पाय चाकाला. हळूच."

"का गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागच्या बाजाराला चप्पल लावली, तवा कट कट कट वाजलं होतं. मस्त. ह्या बारीला चप्पल न्हवती."

डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं. त्यांनी आधी गौरीच्या पप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग? मी काय लिहू?"